भाड्याच्या खोलीसाठी दीड लाखाचं कर्ज?

प्रश्न : मी बेळगावच्या वडगावात भाड्यानं राहतो आणि उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी करतो. हातात ३२,००० पगार येतो, घरखर्च जाऊन सात हजार उरतात. संध्याकाळी वरच्या १० बाय १२च्या खोलीत अभंग, भावगीतं रेकॉर्ड करून देतो. गाण्याला १,५०० घेतो, महिन्याला साधारण तीन गाणी होतात. खोलीत आवाज घुमतो, शिवाय शेजारी यंत्रमाग आहे. एका इंटिरियरवाल्यानं फोम, फॉल्स सीलिंग आणि भिंतींच्या कामाचे १,८५,००० सांगितलेत. बचत खात्यात ६०,००० आहेत. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली दोन लाखांची एफडी नोव्हेंबरमध्ये संपते. क्रेडिट सोसायटी १५ टक्क्यांनी दीड लाख द्यायला तयार आहे, उरलेले ३५,००० मी घालीन. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. गाणं हा छंद आहे आणि छंदावर खर्च करू नये, असं मात्र मी म्हणत नाही. महिन्याला साडेचार हजार मिळवून देणाऱ्या कामावर पैसा जरूर घालावा, पण किती आणि कुठला, हे आधी बघू.

१५ टक्क्यांनी दीड लाख दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता ७,२७३ रुपये बसतो. म्हणजे महिन्याला पाच गाणी, आणि आज तुमची होतात तीन. उरणारे सात हजार सगळे हप्त्यात जातील, वर रेकॉर्डिंगच्या कमाईलाही हात लावावा लागेल. दोन वर्षांत व्याजच साडेचोवीस हजारांच्या घरात जातं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. सोसायटीची कपात आणि शेअरची रक्कम वेगळी, तीही आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेली नसते. फॉल्स सीलिंग आणि भिंतीला चिकटवलेला फोम धड काढून नेता येत नाही, मालकाच्या खोलीतच राहतो. उद्या मालकानं खोली खाली करायला सांगितली तर तुमच्याबरोबर फक्त हप्ते येतील.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. घुमणारा आवाज आणि शेजारचा माग ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि या कोटेशनमध्ये त्यातलं एकही नीट बरं होत नाही. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो. १०० हर्ट्झच्या आवाजाच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते. इंचभर फोमला ती कळतसुद्धा नाही. मग टाळांची चमक जाते आणि हार्मोनियमच्या खर्जाचं घुमणं तसंच राहतं. १२ फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांच्या बाजूला ५६च्या आसपास खर्ज फुगतो, तो कोपऱ्यांत साठतो. अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर तोही सोडून द्या.

इथे हातानं केलेलं काम स्वस्त पडतंच आणि उपयोगालाही जास्त येतं. रॉकवूलच्या, म्हणजे दगडाच्या तंतूंच्या, स्लॅब घ्या, घनता घनमीटरला ४८ ते ६४ किलो. दोन बाय चार फुटांची लाकडी चौकट, त्यात दोन इंची दोन स्लॅब, वरून कापड, की झालं पॅनेल. कापड निवडताना तोंडाला लावून फुंकर मारा. श्वास पलीकडे गेला तर आवाजही जाईल. रेक्झिन चालत नाही. वडगाव-शहापुरात कापडाला काय तोटा! पॅनेल भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच जागा सोडा. त्यानं खालचे सूर थोडे जास्त शोषले जातात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीमागे बुरशीही कमी धरते. स्लॅब कापताना हातमोजे आणि मास्क हवाच, अंग खाजतं.

सामान धरून एक पॅनेल दोन हजारांच्या आत बसावं, हा माझा अंदाज. उद्यमबागेत औद्योगिक इन्सुलेशनचा माल विकणाऱ्यांकडे भाव विचारा, सुताराची मजुरी वेगळी धरा. दहा पॅनेल आणि खिडकी-दाराला रबर असं सगळं मिळून पंचवीस हजार. म्हणजे त्या कर्जाचं नुसतं व्याज.

तेही एकदम घालू नका. पहिल्या महिन्यात चारच पॅनेल करा. दोन गायकाच्या पाठीमागे, कारण माइकचं तोंड गायकाकडे असतं आणि त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज माइक थेट पकडतो. दोन स्पीकरच्या डाव्या-उजव्या भिंतींवर. तुम्ही खुर्चीत बसा, कुणाला तरी आरसा भिंतीवरून सरकवायला सांगा, आरशात स्पीकर दिसेल तिथे पॅनेल. ही रक्कम महिन्याच्या बचतीतून आणि खात्यातल्या पन्नासच्या वरच्या दहा हजारांतून निघते. मग रेकॉर्डिंग ऐका. खर्ज अजून फुगतोय असं वाटलं तर चार कोपऱ्यांसाठी पुढची चार, ती गाण्यांच्या कमाईतून. दहातली शेवटची दोन लागलीच तर. खोली बदललीत तर सगळी टेम्पोत घालून न्या.

मागाचं काय? पॅनेल त्याला अडवत नाहीत. तो आवाज फटींतून आणि भिंतीच्या हादऱ्यातून येतो. तो थांबवायला जड, हवाबंद दुसरी भिंत लागते, आणि भाड्याच्या घरात तो विषयच नको. फटींना रबर लावा, माइक तोंडाजवळ ठेवा, माग बंद असतानाच्या वेळा ठरवून घ्या. वीज कंपनी हेस्कॉम दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवते तेव्हा सगळी गल्ली वैतागते. तुम्ही लॅपटॉप चार्ज करून ठेवा, तेवढा वेळ तुमचा.

साठ हजारांतले पन्नास हजार हलवू नका. नोकरी कारखान्यातली आहे, आजारपण आलं किंवा ओव्हरटाइम थांबला तर तेवढाच आधार. भिशी असेल आणि तिचा नंबर लागला तर तो पैसा खोलीत घालायचा मोह होईल, तो आधी या गंगाजळीत टाका.

सहा महिने गाण्यांचा हिशेब वहीत लिहा. सरासरी दहा हजारांवर गेली तर मला पुन्हा विचारा, तेव्हा स्वतःच्या जागेतल्या खोलीचा विचार करू. आणि एफडीवर ऑटो रिन्यूअल असेल तर नोव्हेंबरच्या आत बँकेत जाऊन बंद करा. लग्नाची तारीख ठरली असेल तर तिच्या आदल्या महिन्यापर्यंतच्या मुदतीची नवी पावती करून घ्या, नाहीतर मुदतीआधी मोडल्याचा दंड तुमच्याच बहिणीच्या पैशांतून कापला जाईल.