पॉटरी क्लास लावायचाय, पहिल्या महिन्यात स्वतःचा कप बनवता येईल का?

येईल की, पण चाकावरचा नाही, हाताने मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचून केलेला. चाकावर पहिले ३-४ क्लास तर माती मधोमध बसवण्यातच जातात, गोळा नुसता डुगडुगत राहतो आणि आपल्याला वाटतं चाकच वाकडंय (नसतं). मनगटाने जोर नाही लावायचा, कोपर मांडीला टेकवून अंगाचा भार द्यायचा, हे मला कळायला दीड महिना लागला. आणि नखं कापून जा.

घाई असेल तर मात्र विसरा, कारण वस्तू आधी हळूहळू पूर्ण वाळणार, मग साधारण १००० डिग्रीला पहिली भाजणी, मग ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), मग परत भट्टी, स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची टणक माती) असेल तर १२०० च्या वर, त्यात शेअर्ड स्टुडिओत भट्टी पूर्ण भरल्याशिवाय सहसा लावत नाहीत, त्यामुळे कप हातात यायला ३-४ आठवडे सहज जातात. शिवाय माती १०-१२ टक्के आकसते, माझा पहिला चहाचा मग कटिंगचा होऊन आला 😅

फी विचारताना माती, ग्लेझ, भाजणी त्यातच धरलीय का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी भाजणीचे पैसे वेगळे घेतात.