मळ्यातल्या ३१५ रायफलीसाठी कोणती काडतुसं घ्यावीत?

अमेरिकेतला तुमचा भाऊ कार्बाइनसाठी (आखूड नळीची रायफल) होलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली गोळी, सुचवतो, पण चोपड्याकडच्या मळ्यात तुमच्याकडे आहे ती परवान्याची ३१५ बोअर (नळीचा आतला व्यास) रायफल. त्याचा सल्ला इथे फारसा लागू पडत नाही. कार्बाइनची ५.५६ मिमीची काडतुसं आपल्याच वरणगावच्या कारखान्यात बनतात, पण ती प्रतिबंधित बोअरची, म्हणजे सैन्य-पोलिसांसाठी राखलेली. सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. ३१५ मध्ये निवड थोडीच. मऊ टोकाची गोळी घ्या. ती लागल्यावर पसरते, पूर्ण तांब्याच्या आवरणाची आरपार जाते. तरीही रायफलची गोळी आहे. चुकली तर पातळ भिंत किंवा पत्रा सहज भेदेल. पलीकडे सालदाराचं कुटुंब झोपत असेल, तर कोणत्या दिशेला गोळी झाडायचीच नाही हे आजच ठरवा. माझ्या मते ब्रँडपेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं.

काडतुसं परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर नोंद करून घ्या. हिरवट डाग, पोचे किंवा सैल गोळी दिसली तर वापरू नका. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये अजिबात नको. घरात थंड, कोरड्या जागी, कुलुपात ठेवा.

रानडुकरांसाठी विचारत असाल, तर वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडणं गुन्हा आहे.