पीएसपी-१००० वर (सोनीचा हातातला जुना गेम कन्सोल) आजच्या वेबसाइट उघडत नाहीत. त्यात ऑपेरा मिनी ब्राउझर टाकावं का?

नका टाकू. पीएसपीत मुळात आहे तोच नेटफ्रंट ब्राउझर ठेवा आणि घरातल्या पीसीला कामाला लावा. ‘ऑपेरा मिनी टाक, सगळं उघडतं’ म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक पीएसपीवर चालवतात ते ऑपेरा मिनी साध्या मोबाइलसाठीचं, जावावालं; तेही पीएसपीकेव्हीएम या पीएसपीवर जावा चालवणाऱ्या प्रोग्राममधून. म्हणजे आधी कस्टम फर्मवेअर (सोनीचं नसलेलं, बदललेलं सिस्टिम सॉफ्टवेअर), त्यावर जावाचा डोलारा, मग ब्राउझर. तुमच्या मॉडेलला रॅम ३२ एमबी! (२००० मॉडेलपासून ६४ झाली, तिथे ठीक आहे.) शिवाय ऑपेरा मिनी पान कंपनीच्या सर्व्हरवर शिजवूनच आणतं. सर्व्हर लागणारच असेल तर तो आपला का नको?

नेटफ्रंट २००५ साली २.०० फर्मवेअरबरोबर आला. सुरक्षित (https) साइटसाठी लागणाऱ्या टीएलएस या एन्क्रिप्शनमध्ये तो १.० च्या पुढे जात नाही आणि आजच्या बहुतेक साइट किमान १.२ मागतात. फर्मवेअर ६.६१ केलंत तरी हे बदलत नाही.

पीसीवर डब्ल्यूआरपी, म्हणजे वेब रेंडरिंग प्रॉक्सी, चालवा. क्रोम मात्र आधीपासून हवं. तो क्रोममध्ये पान उघडून त्याचं चित्र पाठवतो. चित्रावर क्लिक केलं की लिंक उघडते. पीएसपीत पत्ता म्हणून पीसीचा आयपी आणि पोर्ट ८०८० टाका, एचटीटीपीनेच. नेटवर्क सेटिंगमधल्या प्रॉक्सीच्या रकान्याला हात लावू नका. वर येणाऱ्या फॉर्ममध्ये रुंदी ४६०, उंची ४००, प्रकार जिफ. ब्राउझरचा डिस्प्ले मोड नॉर्मल ठेवा, स्मार्ट-फिट नको. उंची ० दिली तर अख्खं पान एकाच चित्रात येतं आणि मेमरी संपल्याचा संदेश झळकतो: ४६० बाय ४००० चं चित्र पिक्सेलला ४ बाइट धरले तरी ७ एमबीच्या वर जातं.

पीएसपीत देवनागरीचा फॉन्टच नाही, पण इथे अक्षरं पीसीवर काढली जात असल्याने मराठी पानंही जोडाक्षरांसकट नीट दिसतात. 

पीसी सापडत नसेल तर आधी विंडोजची फायरवॉल बघा. प्रायव्हेट नेटवर्कवर डब्ल्यूआरपीला परवानगी लागते.

वायफायच जोडलं जात नसेल तर दोष बहुधा राउटरच्या सेटिंगचा. पीएसपीला २.४ गिगाहर्ट्झ आणि ८०२.११बी हा जुना वायफाय प्रकार लागतो, डब्ल्यूपीए२ ही वायफायची नवी सुरक्षा कळत नाही. त्यामुळे फोनचा हॉटस्पॉट सहसा कामाचा नाही. राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर जुनं डब्ल्यूपीए लावता येतं, पण तिथे आयसोलेशन (उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणं) चालू असेल तर पीसी दिसत नाही. एखादा जुना राउटर डब्ल्यूपीएवर लावून पीसी त्याला केबलने जोडा, कटकट मिटते.

हो, एक राहिलं: पीएसपी ते पीसी सगळं उघडं जातं आणि डब्ल्यूपीए कच्चं आहे. बँक, मेल, कुठलाही पासवर्ड यावरून टाकू नका, आणि काम झालं की डब्ल्यूआरपी बंद करा.