गेल्या रविवारपर्यंत आई बरी होती ना?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलुंडला एकटी राहणारी 76 वर्षांची आई व्हिडिओ कॉलवर सांगते, हॉलमध्ये बायका येऊन बसल्यात. मागे टीपॉयवर बशीने झाकलेले तीन कप चहा. न्यू जर्सीत बसून हे बघताना पोटात खड्डाच पडला असेल. मावशी म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, इंटरनेट म्हणतं स्किझोफ्रेनिया. मला दोन्ही पटत नाही. तुम्हीच लिहिलंय, गेल्या रविवारपर्यंत आई भाजीवाल्याशी पैशापैशाचा हिशेब करत होती.

आईला जे होतंय त्याला डॉक्टर सायकोसिस म्हणतात, म्हणजे खऱ्याखोट्याचं भान सुटणं. पण ते एका आजाराचं नाव नाही. ताप मलेरियाने येतो तसा डेंग्यूनेही येतो, तसंच हे. नसलेलं दिसणं, ऐकू येणं म्हणजे भास. कितीही समजावलं तरी न हलणारा खोटा समज, उदाहरणार्थ ‘कामवाली जेवणात काहीतरी कालवते’, तो भ्रम. स्किझोफ्रेनिया बहुधा तरुणपणी सुरू होतो, आणि निदान करताना डॉक्टर महिन्यांचा इतिहास बघतात. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत असं काही दिसलं तर तीही तातडीची बाब, हे तुमच्या घरातल्या लेकीसुनांसाठी सांगून ठेवते.

उतारवयात चार दिवसांत माणूस असा बदलला, तर आधी शरीर तपासायचं. शरीराच्या दुखण्याने डोक्यात असा अचानक गोंधळ उडण्याला डिलिरियम म्हणतात. जुनी माणसं ‘वात झालाय’ म्हणायची. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी गोळी, पाणी कमी पिणं, एवढंही पुरतं. सकाळी माणूस ताळ्यावर, संध्याकाळी पुन्हा तेच. म्हणूनच घरचे फसतात: ‘सकाळी तर छान बोलली!’

हेच भास महिनोन्‌महिने चालले असते, तर मी लुई बॉडी डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराचा, विचार करायला सांगितलं असतं. त्यात भास थांबवायची नेहमीची औषधं फार त्रास देऊ शकतात, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून परस्पर गोळी नको. मोतीबिंदूने नजर अधू झालेल्या काहींनाही नसलेली माणसं दिसतात, पण त्यांचं डोकं शाबूत असतं.

आईशी वाद घालू नका आणि हो ला होही करू नका. ‘मला त्या दिसत नाहीत गं, पण तुला भीती वाटतेय का?’ एवढंच विचारा.

मावशींना आजच पाठवा. उद्यावर नको. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, झोपेची आणि सर्दीचीसुद्धा, एका पिशवीत घालून आईला फिजिशियनकडे न्यायला सांगा. रक्त, साखर, सोडियम, लघवी, सगळं तपासू दे. मावशी गडबडल्या तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर त्यांना द्या, तिथे मराठीतून बोलता येतं.

सोडियमचा आकडा आला की मला कळवा.