'जलतट' नको, काठ म्हणा

एका वाचकाची विचारणा आहे. नदीलगतच्या प्रकल्पाच्या अहवालाला 'जलतट विकासाच्या भूदृश्य व दृश्य परिणामांचे मूल्यांकन' असं शीर्षक आहे. त्यात 'दृश्य' दोनदा कशाला, आणि 'जलतट' चालेल का?

'दृश्य'चं लवकर उरकतो. शब्द एक असला तरी गोष्टी दोन आहेत. जागेचं रूपच पालटलं, तर तो भूदृश्यावरचा परिणाम, मग तिकडे कुणी बघायला असो वा नसो. बघणाऱ्याला आजवर दिसत होतं ते झाकलं गेलं, तर तो दृश्यावरचा. लिव्हरपूलच्या बंदरात स्टेडियमसाठी जुनी गोदी बुजवणं हे पहिल्यात मोडतं, पाण्यालगत उंच इमारती उठवणं मुख्यतः दुसऱ्यात. अशाच बांधकामांपायी २०२१ मध्ये युनेस्कोने त्या बंदराला जागतिक वारशाच्या यादीतून वगळलं.

आता 'जलतट'. संस्कृतात तट म्हणजे तीर, मान्य. पण मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तट म्हटलं की किल्ला येतो, नाहीतर गावातले दोन तट. तटरक्षक दलाने शब्द रुळवला म्हणून तो नदीवर लादायचं कारण नाही. अर्थात पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या योजनेतले बांध पाहून 'तट' शोभतोच असं कुणी म्हणालं, तर मी वाद घालणार नाही. त्या योजनेला सरसकट 'नदीसुधार' म्हणतात, तेही ऐकवत नाही. ती नदीकाठ सुधार आहे. सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प वेगळा.

आपला शब्द काठ. हा 'काष्ठा'पासून, म्हणजे 'पराकाष्ठा'तल्या सीमावाचक शब्दापासून आला, असं छातीठोकपणे सांगणारे विद्वान भेटतात. उच्चाराच्या नियमांत ते बसतंही. पण मग जुन्या छापील मराठीत 'कांठ' असा अनुस्वार येतो, तो कुठून? १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार हटवले आणि त्यासोबत पुरावाही डोळ्यांआड गेला. 'काष्ठा'त अनुनासिकाचा मागमूस नाही. 'कंठा'त आहे! गुजराती शेजाऱ्यांनी तो जपलाय, नदीचा काठ म्हणजे कांठो. मुंबई इलाख्यातल्या संस्थानांच्या एजन्स्यांची नावंच होती महीकांठा आणि रेवाकांठा, म्हणजे मही आणि नर्मदा यांचे काठ. (इथे लगेच कुणीतरी काठेवाड पुढे करेल. कृपया नको, ते नाव काठी लोकांवरून पडलंय.) संस्कृतातच 'उपकंठ' म्हणजे लगतची जागा. गळ्याजवळचं ते कडेजवळचं, हा अर्थविस्तार तिथेच सुरू झालेला दिसतो. भांड्याचा काठ आठवा, घड्याचा गळा आणि त्याची कड किती जवळ! तिथवर पाणी आलं की घडा काठोकाठ भरला. लुगड्याचा काठ, ताटाचा काठ, विहिरीचा काठ, सगळी त्याचीच प्रजा. 'काष्ठा'वाल्यांनी आधी त्या अनुस्वाराचा हिशेब द्यावा, मग बोलू.

हां, शीर्षक राहिलं. 'देखावा' सुचवणार होतो, पण तो गणपती मंडळांनी कधीच घेतलाय. 'नदीकाठाच्या रूपावर आणि काठावरून दिसणाऱ्या दृश्यावर होणारे परिणाम' असं लिहा. लांब आहे, पण कळतं.