गोचीडतापाच्या संशोधनाला पैसा कुठून?

प्रश्न : नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात एम.व्ही.एस्सी. करते आहे. कुत्र्यांच्या गोचीडतापावर काम करायचं आहे. अनुदानाचा अर्ज कसा लिहू?
– एक विद्यार्थिनी, सेमिनरी हिल्स

उत्तर : बाळा, माझा पहिला अर्ज परत आला होता. ‘कुत्र्यांतील रक्तपरजीवी’ एवढा अवाढव्य विषय घेतला होता मी. त्यात प्रश्नच नव्हता. तू एकच प्रश्न धर. गोचीडतापाचा जिवाणू एर्लिकिया कॅनिस सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्टीवर पुष्कळदा निसटतो, पीसीआरमध्ये, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत, सापडतो. मग धरमपेठेतल्या साध्या दवाखान्याला परवडेल अशी खात्रीची तपासणी कोणती? असं विचारलंस की अर्ज निम्मा झाला.

किती कुत्री घेणार आणि तेवढीच का, हे संख्याशास्त्रज्ञाला आधी विचार, नमुने गोळा केल्यावर नाही. प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हवीच, आणि मालकाची संमती मराठीत घे. खर्चात बर्फपेट्या लिहायला विसरू नकोस. मे महिन्यात इथे रक्ताचा नमुना स्कूटरच्या डिकीत टिकत नाही गं.

अमेरिकेतलं मॉरिस अ‍ॅनिमल फाउंडेशन १९४८ पासून प्राण्यांच्या आरोग्यसंशोधनाला पैसा देतं. त्यांचे चालू नियम मार्गदर्शकांसोबत बसून वाच. मसुदा झाला की मला पाठव, मी ओळन्‌ओळ वाचेन.