क्विल्ट शिवून उरलेले बारीक तुकडे ठेवावेत की टाकावेत?

सरळ मापावर ठरवा: दीड इंचाचा चौकोन निघत असेल तर ठेवा, नाहीतर टाका. कारण पाव इंचाची शिवण चारही बाजूंनी जाते. दीड इंची चौकोन शिवल्यावर एक इंचाचा दिसतो. एक इंचाचा घेतलात तर अर्धा इंचच उरतो, म्हणजे तीन चतुर्थांश कापड शिवणीतच गडप. शिवाय मागची बाजू जाड होते आणि ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला क्विल्टचा एक भाग, सपाट बसत नाही.

पट्ट्यांना थोडी सूट द्या. एक इंच रुंद पण सहा-सात इंच लांब पट्टी कागदावर किंवा पातळ कापडावर ठेवून शिवता येते. तिरपे कापलेले तुकडेही असेच आधारावर शिवा, नुसते जोडले तर ताणून वाकडे होतात.

ताणणारं होजिअरी, विरलेलं कापड माप न बघताच काढून टाका. गडद लाल-निळ्याचा रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून बघा.

आणि ठेवायचे ते त्याच दिवशी इस्त्री करून दीड, दोन, अडीच इंचांत कापा. चुरगळलेला ढीग पिशवीत कोंबला की तो पुन्हा कोणी उघडत नाही. अगदीच बारीक कातरण पिनकुशनमध्ये भरायला चालते.